दिग्दर्शिका किनुयो तनाका

महोदय,

जपानी सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे कुरोसावा, ओझू, मिझोगुची या दिग्दर्शकांची नावे येतात. किनुयो तनाका (१९०९-१९७७) मात्र मिझोगुचींची नायिका म्हणूनच उरते, याचे वाईट वाटते. ‘द लाइफ ऑफ ओहारू’मध्ये (१९५२) दरबारातल्या तरुणीपासून रस्त्यावरच्या थकलेल्या वेश्येपर्यंतची परवड तिने चालण्या-बसण्यातूनही दाखवली, हे खरेच. पण पुढच्याच वर्षी ती दिग्दर्शिका झाली, तेही खुद्द मिझोगुचींचा विरोध असताना! तिने सहा चित्रपट केले. त्यांतला स्तनाचा कर्करोग झालेल्या कवयित्रीवरचा १९५५चा चित्रपट आजही धीट वाटतो. या सहाही चित्रपटांच्या पुनरुज्जीवित प्रती आता निघाल्या आहेत. आपल्या फिल्म सोसायट्यांनी त्या जरूर मागवाव्यात.

– एक वाचक, पुणे