दादाच्या लिव्हरच्या गोळ्या

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "डोक्याच्या एवढ्या गोळ्या, त्यात आता लिव्हरच्या. झेपेल का गं त्याला?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितेय.

2009 साली दादाला हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे होणारा लिव्हरचा आजार, निघाला तेव्हा डॉक्टरांनी औषध दिलं नाही, ते बरोबरच होतं. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, सहा महिने ते वर्षभर. त्यानं धडधाकट माणसालाही उदासी घेरायची, जिवाचं बरंवाईट करायचे विचार यायचे. दादाला तर आधीच बायपोलर, कधी टोकाचा उत्साह तर कधी खोल उदासी. पुढे ते औषध मागे पडलं, नकार मात्र त्याच्या फाइलला चिकटून राहिला. गेल्या वर्षी एक डॉक्टर त्याच्या तोंडावर म्हणाले, "असले पेशंट गोळ्या नीट घेत नाहीत." दादा मान खाली घालून शर्टाचं बटण काढत-लावत बसला होता. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बाबा, रोज रात्री नऊला तो स्वतः डबी घेऊन तुमच्यापुढे उभा राहतो. तुमच्या बीपीच्या गोळीची आठवणही तोच करतो. आपल्या घरात इतका नेमाचा दुसरा कोण आहे?

आता सोफोसबुविर आणि डाक्लाटास्विर या गोळ्या असतात, रोज एकदा, 12 आठवडे. शंभरातले नव्वदहून जास्त बरे होतात आणि इंटरफेरॉनसारखा मनाला त्रास होत नाही. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात ही औषधं फुकट आहेत, म्हणून सिव्हिलमध्ये नाव घातलं. सुरू करायला उशीर झाला तो कार्बामाझेपिन या त्याच्या डोक्याच्या गोळीमुळे. ती गोळी चालू असली की लिव्हरचं औषध अंगात पुरेसं राहतच नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी ती हळूहळू बंद करून लिथियम दिलंय. आई, त्याला झोप नाही म्हणून कपाटातली कार्बामाझेपिनची जुनी पट्टी काढून देऊ नकोस. आधी मला फोन कर, मध्यरात्री असला तरी.

आणखी एक. तू त्याचं ताट वेगळं घासतेस, ते त्याला कळतं गं. हा आजार रक्तातून पसरतो, एकत्र जेवल्यानं नाही. रेझर, ब्रश, नेलकटर तेवढं वेगळं ठेव, ताट आपल्यातच येऊ दे.

गोळ्या संपल्यावर आणखी 12 आठवड्यांनी रक्त तपासायचं. तेव्हा विषाणू सापडला नाही की बरा झाला. ती तारीख कालनिर्णयवर दादालाच लिहू द्या.

तुमची,
मनू