हॉर्न कुणासाठी वाजला?

पुणे

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

नळ स्टॉपच्या सिग्नलला मागच्याने हॉर्न दाबून धरला म्हणून तू त्याच्या अंगावर धावून गेलास, हे कळलं. फार काळजी वाटली.

तू म्हणशील, माझा स्वभावच तापट. पण तापटपणा, उतावळेपणा, झालेलं मनात घोळवत बसणं हे सगळं एरवी निजलेलं असतं, डिवचलं गेल्यावरच उसळतं. अनेक प्रयोग एकत्र ताडून पाहिल्यावर हेच दिसलं आहे. आणि डिवचलं की नाही, हे ठरवतोस तू.

मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० साली शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग बघ. मुलाने जुळवत आणलेलं कोडं दुसऱ्याने मोडलं. मुद्दाम मोडलंय हे उघड असलं की भांडखोर आणि शांत, दोन्ही मुलं चिडली. चुकून मोडलं हे कळलं, तेव्हा दोघांनीही आवरतं घेतलं. फरक पडला तो हेतू कळत नव्हता तेव्हा. भांडखोर मुलं त्याने मुद्दामच मोडलं असं धरून वागली.

डोकं आधी टिपतं, मग अर्थ लावतं, मग काय हवं ते ठरवतं, उत्तरं शोधतं, एक निवडतं आणि शेवटी हात उठतो. "राग आवर" हा सल्ला अगदी शेवटी पोचतो, म्हणून वाया जातो. तुला अर्थ लावतानाच थांबायचंय. टिपण्यातही गफलत होते बरं. हॉर्न ऐकू येतो, पण सिग्नल हिरवा झालाय, मागे बस टेकलीय, हे दिसत नाही. म्हणून आधी सिग्नल बघ, मग आरसा, आणि ज्यात तुझा संबंधच नाही अशी दोन कारणं शोध.

जिममध्ये बॅगेवर ठोसे मारून राग काढू नकोस. ज्याचा राग आलाय तोच डोळ्यांसमोर ठेवून ठोसे मारले, तर राग वाढतो. रात्री मित्रांना रंगवून सांगितल्यानेही तेच होतं.

समोरचा खरंच मुद्दाम करत असेल, तर गाडी बाजूला घे, नंबर टिपून ठेव, गरज पडली तर ११२ ला फोन कर.

सराव मात्र रस्त्यावर सुरू करू नकोस, तिथे वेळच मिळत नाही. साहेबांचं नुसतं "ठीक" आलं की तुला टोचतं ना? उत्तर टाइप करण्याआधी त्यांनाच विचार, "सर, काही बदल हवाय का?"

तुझी,
आई