हेल्मेटचं ठरलं

नागपूर, १४ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आई, फोनवर मुद्दामच सांगितलं नाही, तू रात्रभर झोपली नसतीस. गेल्या रविवारी अंबाझरीच्या रस्त्यावर बारीक गिट्टीवरून माझी सायकल घसरली. कोपर सोललं, डोक्याला काही झालं नाही. घरी येऊन हेल्मेट उलटं केलं, तर आतल्या थर्माकोलसारख्या फोमला कानामागे केसाएवढी चीर. वरून बघाल तर नवंकोरं. तो फोम एकदाच दबतो आणि मार स्वतःवर घेतो, दुसऱ्यांदा त्याचा भरवसा नाही. कुणी उचलून वापरू नये म्हणून पट्टे कापून टाकून दिलं.

बाबा, डिसेंबरात मी सह्याद्रीत क्लाइंबिंगला जाणार म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "एकच चांगलं घे, दोन्हीकडे चालेल." चालतं, पण कुठलंही नाही. सायकलवरून आपण रस्त्यावर आपटतो, मार बहुतेक कपाळाला नाहीतर बाजूला. कड्यावर दगड वरून येतो. म्हणून क्लाइंबिंगच्या ईएन १२४९२ (ईएन म्हणजे युरोपीय मानक) चाचणीत ५ किलोचं वजन २ मीटरवरून माथ्यावर सोडतात, बाजूंवर मात्र अर्ध्याच मीटरवरून. सायकलच्या ईएन १०७८ मध्ये हेल्मेट घातलेलं नकली डोकंच पोलादी ऐरणीवर टाकतात: सपाट ऐरणीवर साधारण दीड मीटरवरून, शिवाय फुटपाथच्या कडेसारख्या ऐरणीवरही. माझ्या जुन्या हेल्मेटच्या खाचांतून अंगठा आत जायचा. आपल्या उन्हात त्या खाचांचा फार आधार, पण टोकदार दगडही तिथूनच शिरेल. उलट नुसतं कडक कवच, आत पट्ट्यांची जाळी, असं क्लाइंबिंगचं हेल्मेट दगडाला चांगलं, पण त्याला बाजूंनी फोम नाही. ते घालून मी वर्धा रोडवर सायकल काढणार नाही.

शेवटी आतल्या लेबलवर १२४९२ आणि १०७८ हे दोन्ही आकडे छापलेलं मिळालं. थोडं जड आहे, खाचा लहान आहेत, मे महिन्यात घाम फुटेल. चालेल मला. दुकानात कितीतरी वेळ छताकडे बघत उभी होते, मागची कड मानेला टोचत नाही. पट्टा न लावता खाली वाकले तरी जागचं हललं नाही, अंबाड्यावरही नीट बसतं. मैत्रीण तिचं जुनं फुकट देत होती, पण त्यानं आधी काय काय सोसलंय कुणाला ठाऊक, म्हणून नको म्हटलं. आणि हे उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवायचं नाही, उष्णतेनं फोम बिघडतो.

बाबा, तुम्ही पहाटे अंधारातच सायकलनं वावरात जाता, बाजूनं ट्रक जातात. तुम्हाला सायकलचंच पुरे, हलकं आणि मोठ्या खाचांचं. आई, तुझा शिवणाचा टेप घे आणि बाबांची टोपी काढून भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर मोज. ते नाही म्हणतील, तरी मोज. सेंटिमीटरमध्ये कळव, महिनाअखेरीस येताना घेऊन येते.

तुमची लेक