बाराव्या टेस्टरला पत्र

ताई,

तुमचं नाव इथे घालत नाही. घातलं असतं तर आधी "कशाला हे?" म्हणाला असतात आणि मग पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्यात. बडोद्याच्या दांडिया बाजारात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

गूगल प्लेचा एक नियम बाहेरच्यांना ठाऊक नसतो. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यातून नवं अ‍ॅप थेट सगळ्यांसाठी खुलं करता येत नाही. आधी बंद चाचणी, तीत किमान १२ टेस्टर, म्हणजे आमंत्रणाने येऊन वापरून बघणारी माणसं, तेही सलग १४ दिवस सामील. सुरुवातीला हा आकडा २० होता. १२ माणसं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. जमवायला बसल्यावर कळतं. मामेभाऊ "हो हो" म्हणतो आणि लिंक उघडतच नाही. दुसरा उघडतो ते भलत्याच जीमेलवरून, जे यादीत नाही. तिसरी सामील होते आणि पाचव्या दिवशी "फोन भरला गं" म्हणून बाहेर पडते. आकडा १२ च्या खाली गेला की सलगपणा तुटला, दिवस पुन्हा मोजा.

डब्याचे खाडे मोजणारं माझं इवलंसं अ‍ॅप असंच ११ वर अडलं होतं. तुम्ही चार दिवसांच्या सुट्टीवर बडोद्याला आलेल्या, घरात पाहुणे, आणि रोज लाखो माणसं वापरतात अशा अ‍ॅपची ग्रोथ (म्हणजे वापरणारी माणसं वाढवणं) सांभाळणं ही तुमची नोकरी. तरी म्हणालात, "माझा जीमेल घाल." एवढ्यानेही आकडा भरला असता. १४ दिवसांच्या मोजणीला फक्त सामील झालेलं नाव लागतं. पण तुम्ही १४ दिवस, परत गेल्यावरसुद्धा, रोज रात्री ते उघडून एक ओळ पाठवलीत. हे पत्र त्या १४ ओळींसाठी आहे.

दिवस दुसरा: "उघडल्या उघडल्या नोटिफिकेशनची परवानगी मागतंय. मी का देऊ? अजून एक डबासुद्धा लिहिला नाही." हसू आलं, पण त्या एका वाक्यात अख्खा धडा होता. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी विचारावं लागतं, आणि वापरणाऱ्याने दोनदा नाही म्हटलं की सिस्टिम तो प्रश्न पुन्हा दाखवतच नाही. म्हणजे हातात दोनच संधी, आणि त्यातली एक आपण नमस्कार करायच्या आधीच उधळत होतो. पहिला खाडा नोंदवून झाला, "उद्या आठवण करू का?" असं अ‍ॅपमध्येच साधं विचारलं, हो म्हटलं तरच सिस्टिमची खिडकी, असा क्रम मग लागला.

दिवस पाचवा: "पैसे भरले नाहीत, तरी 'पैसे भरले' अशी नोंद गेली." ही चूक मोठमोठ्या कंपन्यांतही सापडते, असं तुम्हीच सांगितलंत. इव्हेंट, म्हणजे 'हे घडलं' अशी आपोआप जाणारी नोंद, बटण दाबल्यावर सुटत होता. यूपीआयमध्ये बटण दाबणं आणि पैसे पोचणं यांच्यात बरंच काही घडतं: पिन चुकतो, बँक लटकते, व्यवहार 'पेंडिंग' राहतो. बटणावर मोजलं की विक्री फुगते, आणि जाहिरातीचं यंत्र बटण दाबून पळणाऱ्यांनाच गिऱ्हाईक समजून तसलीच माणसं शोधत बसतं. म्हणून पैसे आल्याची खात्री सर्व्हरवर झाली की तिथूनच इव्हेंट पाठवायचा, सोबत व्यवहाराचा क्रमांक, म्हणजे मागे जाऊन तेच पान पुन्हा उघडलं तरी दोनदा मोजलं जाणार नाही. गूगलच्या फायरबेसमध्ये, जिथे या नोंदी जमतात, इव्हेंटच्या नावात इंग्रजीचं मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं, हेही तेव्हाच समजलं. एका डेव्हलपरने एक लिहिलं, दुसऱ्याने दुसरं, की एकाच गोष्टीचे दोन इव्हेंट आणि दोन्ही अर्धवट. नावांचा एक तक्ता करून भिंतीला चिकटवा, हा तुमचा उपाय. अजून चिकटलेला आहे.

आता एक टोमणा मारू द्या. शहरातल्याच एका क्लासने १८,००० रुपये घेऊन 'अ‍ॅप ग्रोथ' शिकवली होती. मंत्र एकच, इन्स्टॉल स्वस्त पाडा. सर्टिफिकेट मात्र लॅमिनेट करून दिलं. तुम्ही शेव-उसळीच्या बिलामागे चार ओळींत तो मंत्र निकालात काढलात. समजा १२,००० रुपये आहेत. एकीकडे १२ रुपयांना इन्स्टॉल, म्हणजे १,००० माणसं. सातव्या दिवशी त्यातली ४० उरली. दुसरीकडे ३० रुपयांना इन्स्टॉल, म्हणजे ४०० माणसं. सातव्या दिवशी ८० उरली. उरलेल्या माणसामागे पहिलीकडे ३०० रुपये पडले, दुसरीकडे १५०. महाग दिसणारं निम्म्यात पडलं. मग पेनाने खाली तीन प्रश्न: कुठून, कितीला, किती उरले.

आणि इतकं स्वस्त मिळतंच कसं, हे त्या क्लासमध्ये कुणी विचारलं नाही. तुम्ही क्लिक आणि पहिलं उघडणं यांच्यातला वेळ बघायला शिकवलंत. ४० एमबीचं अ‍ॅप क्लिकनंतर चार सेकंदांत सहसा उतरून उघडत नाही. असे ढिगाने दिसले तर समजायचं, की फोनमधलंच एखादं चोरटं अ‍ॅप नवं अ‍ॅप बसताना बघून ऐनवेळी खोटी क्लिक सोडतंय आणि आपसूक आलेल्या माणसाचं श्रेय लाटतंय. उलट वेळ तासांवर, दिवसांवर सपाट पसरलेला असेल, क्लिक अमाप आणि इन्स्टॉल चिमूटभर, तर तो क्लिकचा पाऊस आहे, लागला तर लागला. प्ले कन्सोल (डेव्हलपरचं गूगलवरचं पान) आणि ट्रॅकिंगचं टूल यांचे आकडे मात्र जुळले नाहीत म्हणून घाबरायचं नाही. एक अ‍ॅप बसलेलं मोजतं, दुसरं पहिल्यांदा उघडलेलं, आणि दोघांचा दिवस बहुतेक वेगवेगळ्या घड्याळावर सुरू होतो.

जाहिरातीच्या बजेटबद्दल क्लासमध्ये "रोज २०० रुपये टाकून बघा" असं होतं. गूगलचा स्वतःचा सल्ला असा, की इन्स्टॉलमागे जी किंमत ठरवली तिच्या निदान ५० पट रोजचं बजेट ठेवा. ३० रुपये धरले तर दिवसाला १,५००. फेसबुकवाल्या मेटाच्या जाहिरातयंत्राचंही आठवड्यात साधारण ५० घटना (इन्स्टॉल वगैरे) मिळाल्याशिवाय शिकणं पूर्ण होत नाही, आणि मध्येच मोठा बदल केला की मोजणी पहिल्यापासून. २०० रुपयांत रोज बिड (लावलेली बोली) हलवणारा माणूस काहीच तपासत नसतो. तेवढेच पैसे असतील तर जाहिरात थांबवा आणि स्टोअरचं पान नीट करा, असं स्पष्ट सांगणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

नावावरून तर आपलं भांडणच झालं. 'डब्याचे खाडे' हे नाव मराठी कानाला गोड, पण विद्यापीठाजवळ पीजीत राहणारा पोरगा प्लेवर 'टिफिन' शोधतो. ३० अक्षरांत दोन्ही बसवलीत: 'डब्याचे खाडे: टिफिन हिशोब'. छोट्या वर्णनाला ८०, मोठ्याला ४,०००. प्लेवर कीवर्डचा वेगळा रकाना नसतो, मजकूरच वाचला जातो, म्हणून तोच शब्द वीस वेळा कोंबायचा मोह होतो आणि तोच अंगाशी येतो. अ‍ॅपलकडे १०० अक्षरांचा रकाना असतो. तिथे स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही आणि नावातला शब्द पुन्हा खर्चायचा नाही. आयफोनचं बाकी प्रकरण तुम्ही "नंतर" म्हणून बाजूला ठेवलंत ते बरं केलंत. तिथलं खातं वर्षाला ९९ डॉलर, इथलं एकदाच २५.

जाहिरातीच्या आधी व्हायटल्स, म्हणजे प्ले कन्सोलमधले तब्येतीचे आकडे, बघा, हे तर आता पाठ आहे. क्रॅशचा दर १.०९ टक्क्यांवर किंवा अ‍ॅप गोठण्याचा ०.४७ टक्क्यांवर गेला की प्ले स्वतःच तुम्हाला मागे ढकलू शकतो. पुढून पैसे ओतायचे आणि मागून माणसं गळायची.

या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या पोरांसाठी तुमचा सल्ला इथे उतरवून ठेवते. रेझ्युमेवर '५०,००० इन्स्टॉल आणले' लिहू नका. मुलाखत घेणारा लगेच भाजक विचारतो. किती रुपयांत, किती उरले, तुमचा हात नक्की कशाला लागला, हे लिहा. कोहॉर्ट (एकाच काळात आलेल्या माणसांचा गट) काढण्यापुरतं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, हवंच, आणि ते येईपर्यंत एक्सेलमधलं पिव्हट टेबल चालतं. पहिली नोकरी रिव्ह्यूंना उत्तरं द्यायची मिळाली तरी घ्या. ३५० अक्षरांत चिडलेल्या माणसाला उत्तर देता देता अ‍ॅप कुठे दुखतंय ते कुठल्याही डॅशबोर्डच्या आधी कळतं. आणि स्वतःचं एक छोटं अ‍ॅप स्टोअरवर चढवून बघा, कितीही साधं असो.

बाहेर जाऊन मोठी झालेली पुष्कळ माणसं गणपतीत, नवरात्रात घरी येतात. भेटली की "रेझ्युमे पाठव, बघतो" म्हणतात. वाईट नसतात हो, विसरतात. तुम्ही काहीच पाठवायला सांगितलं नाहीत. स्वतःचा फोन पुढे केलात.

चाचणी संपल्यावर अ‍ॅप खुलं करायला अर्ज भरावा लागतो. त्यात गूगल विचारतं, टेस्टरांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललंत. अकरा जणांकडून आलं होतं "मस्त" आणि दोन अंगठे. तो रकाना तुमच्या ओळींनी भरला.

त्यातली नवव्या दिवसाची ओळ अजून फोनमध्ये आहे: "रविवारचा खाडा दोनदा वजा होतोय. आई म्हणते, डबेवाल्या काकूंचं नुकसान होईल, आधी हे बघ." तो दोष गेलाय, काकूंना कळवा. चाचणीच्या यादीतून तुमचा पत्ता काढलेला नाही. महिना ३१ दिवसांचा आणि रविवार पाच असले की बेरीज बरोबर येते का, तेवढं एकदा उघडून बघाल?

तुमची,
अकरावर अडलेली