हुकूमशहांच्या यशाचा हिशेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेले काही दिवस वाचकांच्या पत्रांतून 'या देशाला एखादा हुकूमशहाच हवा' हा सूर पुन्हा पुन्हा उमटतो आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ ठरावीक तीन दाखले दिले जात आहेत: हिटलरने जर्मनीतील बेकारी संपवली, मुसोलिनीने इटलीला शिस्त लावली आणि स्टॅलिनने मागासलेल्या रशियाचे पोलादी राष्ट्र केले. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला. ही तीन वाक्ये उत्तरपत्रिकेत आली की मीही पूर्ण गुण देत असे. त्यांत काय राहून जाते हे उमगायला मला बराच काळ लागला, म्हणून हे पत्र.

या दाखल्यांत काहीच तथ्य नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी 1933 मध्ये हिटलर चॅन्सलर झाला तेव्हा जर्मनीत नोंदणी झालेले बेकार सुमारे 60 लाख होते आणि 1938 मध्ये ही संख्या पाच लाखांच्याही खाली आली होती. ज्या घरात दोन-तीन वर्षे पगार आला नव्हता, त्या घराला याचे मोल काय वाटले असेल हे आपण समजू शकतो. पण ही संख्या कशी उतरली ते पाहावे लागते. जून 1933 पासून नवविवाहितांना 1,000 मार्कांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळू लागले आणि त्याची अट अशी होती की, वधूने आपली नोकरी सोडली पाहिजे. नोकरी सोडलेली ही स्त्री बेकारांच्या यादीत धरली जात नव्हती. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील कायद्याने ज्यू आणि विरोधी मतांच्या सरकारी नोकरांना काढून त्यांच्या जागा मोकळ्या करण्यात आल्या, 2 मे रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली गेली आणि 1935 मध्ये लष्करभरती व तरुणांची सहा महिन्यांची श्रमसेवा सक्तीची झाली. ज्या महामार्गांचे श्रेय हिटलरला दिले जाते, त्यांपैकी कोलोन ते बॉन हा रस्ता तर ऑगस्ट 1932 मध्ये, म्हणजे तो सत्तेवर येण्यापूर्वीच, कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी खुला केला होता.

पैसा कुठून आला, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष याल्मार शाख्त यांनी 'मेफो' नावाची एक नामधारी कंपनी उभी केली. शस्त्रे बनवणारे कारखानदार या कंपनीवर हुंड्या काढत, मध्यवर्ती बँक त्या वटवण्याची हमी देई आणि हा सगळा व्यवहार अंदाजपत्रकाबाहेर राही. अशा सुमारे 12 अब्ज मार्कांच्या हुंड्या निघाल्या. त्यांची मुदत भरत आली तेव्हा खुद्द शाख्त आणि बँकेचे संचालक यांनी हिटलरला लेखी इशारा दिला की, हा खर्च चलनाला बुडवील. उत्तर म्हणून जानेवारी 1939 मध्ये शाख्त यांना पदावरून दूर करण्यात आले. जो हिशेब दाखवतो त्यालाच घालवायचे, ही रीत तिन्ही देशांत दिसते आणि माझा मुख्य आक्षेप त्यावरच आहे.

सामान्य जर्मन कामगाराच्या वाट्याला काय आले, याची एक खूण विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे. 990 मार्कांत प्रत्येक कामगाराला मोटार देण्याची योजना 1938 मध्ये जाहीर झाली. कामगाराने दर आठवड्याला किमान पाच मार्कांचे तिकीट घेऊन ते एका पुस्तिकेत चिकटवायचे आणि पुस्तिका भरली की गाडी मिळायची. सव्वातीन लाखांहून अधिक लोकांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून ही तिकिटे चिकटवली, पण योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. तो कारखाना लष्कराची वाहने बनवू लागला.

मुसोलिनीच्या खात्यावर दोन गोष्टी प्रामाणिकपणे जमा धरल्या पाहिजेत. रोमजवळच्या पाँटाइन दलदलीचा निचरा होऊन हिवतापाने पछाडलेली ती जमीन वस्तीला आली आणि 1870 पासून पोप व इटलीचे सरकार यांच्यात चाललेला तंटा फेब्रुवारी 1929 मधील लॅटरन कराराने मिटला. हा दुसरा प्रश्न खरोखरच राजकीय होता आणि तो तडजोडीने सुटला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बाकीचे मात्र बहुतांशी प्रतिष्ठेपायी झाले. पौंडाला 90 लिरांच्या आसपास दर आणण्याच्या हट्टाने इटलीचा माल परदेशात महाग झाला आणि कामगारांची मजुरी फर्मान काढून कापावी लागली. 1925 मध्ये सुरू झालेल्या 'गव्हाच्या लढाई'ने गव्हाची आयात घटवली, पण त्यासाठी ऑलिव्ह, फळबागा आणि गुरांची कुरणे मोडली गेली. हे सांगू शकणारा विरोधी पक्ष उरला नव्हता. संसदेत निवडणुकीतील गैरप्रकार उघड करणारे जाकोमो मात्तेओत्ती यांचा जून 1924 मध्येच खून झाला होता.

स्टॅलिनचे उदाहरण सर्वांत अवघड आहे, कारण तेथील यश खरे आणि प्रचंड होते. 1928 मध्ये सुमारे 43 लाख टन असलेले पोलादाचे उत्पादन 1940 पर्यंत 1 कोटी 80 लाख टनांवर गेले आणि या पोलादावाचून नाझी फौजांना अडवणे शक्य झाले नसते. परंतु त्यासाठी लागणारी यंत्रे परदेशातून विकत घेतली गेली ती बव्हंशी शेतकऱ्याकडून ओरबाडलेल्या धान्यावर. 1932-33 मध्ये युक्रेन, कुबान आणि कझाकस्तानात माणसे भुकेने मरत असतानाही धान्याची निर्यात थांबली नाही. 7 ऑगस्ट 1932 च्या कायद्याने सामुदायिक शेतातली चोरी देहदंडास पात्र ठरवली; लोक त्याला 'पाच कणसांचा कायदा' म्हणत. पन्नास ते सत्तर लाख माणसे त्या दुष्काळात गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

जानेवारी 1937 मध्ये तेथे जनगणना झाली. 1933 च्या अखेरीस लोकसंख्या 16 कोटी 80 लाख असल्याचे स्टॅलिनने जाहीर केले होते, पण तीन वर्षांनंतरच्या या मोजणीत ती भरली सुमारे 16 कोटी 20 लाख. लक्षावधींच्या या तुटीत गेलेली आणि न जन्मलेली माणसे होती. जनगणना रद्द करण्यात आली, ती घेणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक झाली आणि त्यांतील प्रमुख संख्याशास्त्रज्ञ ओलिंपी क्वित्किन यांना गोळी घालण्यात आली. 1939 च्या नव्या जनगणनेत आकडा 17 कोटींवर गेला. त्याच काळात लाल सेनेच्या पाचांपैकी तीन मार्शलांचा बळी गेला. अप्रिय बातमी आणणाऱ्याची गत काय होते हे सगळ्यांनी पाहिले होते. जून 1941 मध्ये जर्मन हल्ल्याच्या पूर्वसूचना येऊनही त्यांवर विश्वास ठेवला गेला नाही, यामागे हेही एक कारण होते, असे मला वाटते.

बाहत्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. माझी आई गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर मातीची पाटी उचलायची आणि आम्हा मुलांना तिथे सुकडी मिळायची. मजुरी वेळेवर मिळत नसे, हजेरीपटावर खोटी नावे असत, आणि या सगळ्याविरुद्ध तहसील कचेरीवर मोर्चे निघत. वर्तमानपत्रांत रोज तालुक्या-तालुक्यातली हलाखी छापून येत होती, विधिमंडळात सरकारला जाब विचारला जात होता आणि त्या दडपणाखाली कामे वाढत गेली. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. धान्य तेव्हाही अपुरे होते. पण माझी आई त्या मोर्चांपैकी दोहोंत चालत गेली होती आणि संध्याकाळी घरी परत आली होती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक, सोलापूर जिल्हा