गेमला कशाला शिव्या, सायकल बघा आधी

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलंतं, की कॉम्प्युटरवर सायकल स्टंटचे गेम खेळून पोरं रस्त्यावर उड्या मारतात न् हातपाय मोडून घेतात, तर हे गेम बंदच करा. माझं परभणीत सायकल रिपेरिंगचं दुकान हाय, त्या मोडलेल्या सायकली शेवटी माझ्याकडंच येतात, म्हणून म्हणलं आपणबी चार ओळी लिहाव्या.

माझा पोरगा नववीला हाय. त्याच्याकडं बीएमएक्स स्ट्रीट्स नावाचा गेम हाय, बीएमएक्स म्हणजे उड्या न् स्टंट मारायची छोटी सायकल, 2024 ला आलेला, त्याच लोकांचा पाईप नावाचा एक छोटा गेम आधी 2018 ला आलता. उन्हाळ्यात दुपारी दुकानात चिटपाखरू येत नाही, मग शटर अर्धं ओढून घरी जायचं न् लाईट असली की त्याच्या मागं बसून बघायचं. मला वाटलं आमच्यावेळच्या कॅफेतल्या गेमसारखंच असंल. आम्ही तासाचे पैसे भरून सॅन अँड्रियास खेळायचो, त्यात सुरवातीलाच सीजेला, म्हणजे गेममधल्या हिरोला, बीएमएक्स मिळती, ती कुठूनबी खाली घाला, सायकलला काय होत नव्हतं.

ह्या गेममधी तसं नाही बरं का. बटण दाबलं न् स्टंट झाला असं नाहीच, हातातल्या पॅडच्या काड्या म्हणजे गड्याचं अंग, काडी खाली ओढून झटक्यात वर सोडायची तेव्हा कुठं सायकल उचलती, न् टायमिंग हुकलं की मागचं चाक फुटपाथला धडकून गडी तोंडावर. पहिल्या दिवशी पोरानं एक फुटपाथ चढायला अख्खी दुपार घातली! मी म्हणलं अरे पुढचं चाक उचललं की लगेच हँडल पुढं ढकल, मागचं आपोआप वर येतं, खऱ्या सायकलीलाबी बनी हॉप, म्हणजे दोन्ही चाकं उचलून उडी, असाच मारतात. त्यानं तसं केलं न् चढला, तेव्हापासून बापाला जरा किंमत आली घरात.

अजून एक गोष्ट मला आवडली. त्यात हँडल गर्रकन पूर्ण फिरवायचा स्टंट हाय, बारस्पिन म्हणतात. आपल्या साध्या सायकलीचं हँडल तसं फिरवलं तर ब्रेकची वायर गुंडाळून बसती, दुसऱ्या फेरीला तुटती. म्हणून खऱ्या बीएमएक्सवाले एकतर ब्रेकच लावत नाहीत नाहीतर मधी जायरो नावाचा एक पार्ट बसवतात, त्यानं वायर गुंतत नाही. मी वीस वर्ष ह्या धंद्यात हाय पण हे मला पोराच्या गेममुळं कळलं, खोटं कशाला बोलू.

आता मोडलेल्या सायकलीचं सांगतो. गेल्या महिन्यात गल्लीतलं एक लेकरू सायकल उचलून घेऊन आलं, पुढचं चाक धरणारा चिमटा असा मागं गेलता की पुढचं चाक फ्रेमला घासायलं, न् लेकराच्या हनुवटीला टाके. सायकल कशी तर जाड टायर, शोभेचे शॉकअप, न् फ्रेमवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टंट असं चिकटवलेलं. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली तर 17 किलो भरली! खरी बीएमएक्स 20 इंची चाकाची, एकच गिअर, शॉकअप बिकप काही नाही, क्रोमोली नावाच्या दणकट स्टीलची फ्रेम, न् दहा-बारा किलोच्या आसपास. ती उडी मारायलाच बनवलेली असती. ही आपली शाळेत जायची सायकल, तिच्यावर स्टंट लिहून विकली, न् बापानं टायर जाड दिसलं म्हणून मजबूत समजून घेतली. त्या लेकरानं गेम खेळून उडी मारली हे खरं हाय, पण चिमटा गेममुळं वाकला नाही.

गेमची एक खोड मात्र मीबी मान्य करतो, पडलं की बटण दाबून परत तिथंच उभं राहता येतं न् खरचटत तर काहीच नाही. पण पडायचं किती ते तरी पोरं त्यातच बघतात. न् खरे खेळाडूबी पडतातच, टोकियो ऑलिंपिकला बीएमएक्स फ्रीस्टाईल, म्हणजे ह्या सायकलीवरच्या स्टंटची स्पर्धा, पहिल्यांदा होती, त्यात इंग्लंडची शार्लट वर्थिंग्टन पहिल्या फेरीला 360 बॅकफ्लिप, म्हणजे हवेत उलटी कोलांटी न् सोबत पूर्ण गिरकी, मारताना पडली, दुसऱ्या फेरीला तोच परत मारला न् गोल्ड घेऊन गेली. हे तुमच्या क्रीडा पानावर कधी मोठं आलेलं मला तरी आठवत नाही, राग मानू नका.

तर माझं म्हणणं एवढंच, गेम बंद करा म्हणण्यापेक्षा सायकलीवर स्पष्ट छापा की ही उडी मारायची हाय का नाही, आम्ही दुकानदारांनीबी विकताना तोंडानं सांगावं, मी तर सांगायलोय. न् पोरांना जागा द्या. बीएमएक्स सुरू झालं तेच मुळी कॅलिफोर्नियात पोरांनी मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटारसायकल रेसची, नक्कल करत मातीत सायकली घातल्या म्हणून, सिमेंटचं काही लागत नाही. पडीक ग्राउंडच्या एका कोपऱ्यात मुरमाच्या चार-पाच ट्रॉल्या टाकून उंचवटे करून द्या, रोलर फिरवायला मी स्वतः येतो. काळ्या मातीत मात्र करू नका, पहिल्याच पावसात चाकं रुतून बसतील.

त्या लेकराचा चिमटा बदलून दिलाय. टाके निघेपर्यंत सायकल माझ्याच दुकानात टांगलेली हाय, न् ते रोज संध्याकाळी आमच्याकडं येऊन पोरासोबत पॅडसाठी भांडतंय.

आपला,
एक सायकल दुरुस्तीवाला, परभणी