आत्याच्या भाकरीवर गूळ राहू द्या

पाषाण, पुणे
डिसेंबर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आत्याला फुप्फुसाचा कॅन्सर आहे म्हणून तिचं साखर, गूळ, केळी, चिकू सगळं बंद केल्याचं आईनं फोनवर सांगितलं. दूधसुद्धा. ‘साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो’ असं वाडीतल्या कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर आलं होतं म्हणे. आत्या तिथंच ओट्यावर बसली असणार म्हणून मी फोनवर वाद घातला नाही. आणि बाबा, तुम्ही मध्येच विचारलंत, ‘मग तुझी ती कॅन्सरची लॅब इतकी वर्षं काय करतेय?’ त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. जानेवारीत तिघांनी इकडं यायचंय, त्याआधी वाचून ठेवा.

आधी कामाचं. आत्याला पूर्वीसारखं जेवू द्या. भाकरी, वरण, दूध, दही, भाकरीवर तूप-गूळ, तिला रुचेल ते. तिला मधुमेह नाही. ती माळकरी, अंडं-मटण तिच्या ताटात कधी नव्हतं. प्रथिनं मिळायची ती डाळीतून आणि दुधातून, त्यातलं दूध तुम्ही काढून घेतलंत. तिच्या अंगावरचा ब्लाउज ढगळ झालाय हे मला मागच्या खेपेला दिसलं होतं. या आजारात वजन उतरणं हे लक्षण चांगलं नसतं. कॅन्सरच्या रोजच्या गोळीनं जुलाब लागले तर चार दिवस दूध कमी करायचं का, एवढं डॉक्टरांना विचारा. बाकी उपास तिच्या एकादशीचेच पुरेत, तेही सध्या नकोत.

आता तो निरोप. त्यात निम्मं खरं आहे आणि म्हणूनच तो इतका फिरतो.

शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग नावाचा शास्त्रज्ञ होता. उंदरांच्या गाठींचे पातळ काप करून ते किती ग्लुकोज ओढतात आणि किती ऑक्सिजन वापरतात हे तो मोजायचा. त्याला दिसलं ते विचित्र होतं. भोवती भरपूर ऑक्सिजन असूनही गाठीच्या पेशी ग्लुकोज पूर्ण जाळत नव्हत्या, भराभर खाऊन त्याचं लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकत होत्या. (त्याला १९३१ साली नोबेल मिळालं, पण ते श्वसनाच्या विकरावरच्या, म्हणजे एन्झाइमवरच्या, कामाबद्दल.) एक ग्लुकोज ऑक्सिजन वापरून पूर्ण जाळला तर पेशीला एटीपी नावाचे ऊर्जेचे तीसेक रेणू मिळतात. लॅक्टिक आम्लावर सोडून दिला तर फक्त २. इतका तोट्याचा व्यवहार पेशी का करेल? वारबुर्गला वाटलं, तिची ऑक्सिजन वापरणारी यंत्रणाच बिघडलेली असणार. पुढं कळलं, की बहुतेक गाठींमध्ये ती धडधाकट असते. बाबा, घर बांधायला काढल्यावर आपण सगळं लाकूड चुलीत घालत नाही, वासे आणि चौकटींना बाजूला ठेवतो. कॅन्सरच्या पेशीला सारखं दुप्पट व्हायचं असतं. नवं आवरण हवं, नवा डीएनए हवा, त्यासाठी लागणारा कच्चा माल ती त्याच ग्लुकोजमधून काढते. नेमका कुठला माल कुठल्या वाटेनं निघतो आणि ती वाट अडवली तर पेशी दुसरी कोणती वाट शोधते, हे पाहायचं काम मी करते. ती दुसरी वाट बहुतेक वेळा सापडते, म्हणून आमचं काम संपत नाही.

आई, तुला बघायला आवडेल असं एक सांगते. पेशी ज्या द्रवात वाढवतो त्यात एक रंग घातलेला असतो. ताजा द्रव गुलाबी असतो. संध्याकाळी बाटली ३७ अंशांच्या पेटीत ठेवून घरी यायचं आणि सकाळी उघडायची. दाट वाढलेल्या पेशींनी रात्रीत इतकं आम्ल सोडलेलं असतं, की द्रव पिवळा पडलेला असतो. वारबुर्ग वाचून कळला त्यापेक्षा मला त्या पिवळ्या रंगातून जास्त कळला.

आत्याचा पेट स्कॅन याच सवयीवर चालतो. तिला जे टोचलं ते ग्लुकोजचं थोडं बदललेलं रूप, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं. पेशी ते साखर समजून आत घेते, पण पुढं पचवता येत नाही, त्यामुळं ते आतच अडकतं आणि यंत्राला दिसतं. १०९-११० मिनिटांत त्याचा जोर निम्मा होतो, म्हणूनच तिथं सगळ्यांची एवढी घाई चालली होती. बाबा, पडद्यावर डोकं लखलखीत दिसलं आणि तुम्ही गारठलात. ‘डोक्यातही गेलंय का?’ डॉक्टर नाही म्हणाले तरी तुमचं समाधान झालेलं नाही, हे आईनं मला हळूच सांगितलंय. मेंदू कुणाचाही तसाच दिसतो. तो जागेपणी-झोपेत ग्लुकोजच खातो, शरीराच्या खर्चाचा पाचवा हिस्सा एकटा उचलतो. मूत्राशय दिसतं ते औषध बाहेर पडताना. टीबीची जुनी गाठसुद्धा चमकते. म्हणून नुसता चमचमाट पाहून कुणी निदान करत नाही.

आणि म्हणूनच साखर तोडून गाठ मरत नाही. तुम्ही गूळ थांबवला तरी भाकरीचं ग्लुकोजच होतं. भाकरीही थांबवली तर यकृत अंगातल्या स्नायूंची प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवतं, कारण मेंदूला तो हवाच असतो. म्हणजे उपाशी राहते ती आत्या. गाठ आपला वाटा घेतच असते.

मागच्या महिन्यात तुम्ही एक फार चांगला प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर राहिलंय. ‘गौरी गायीच्या खांद्यापुढं लिंबाएवढी गाठ आली होती, एका इंजेक्शनात विरली. आत्याला तसं का नाही?’

गौरीला झाला होता तो थायलेरिया, आपल्याकडे ज्याला गोचीड ताप म्हणतात. गोचीड चावल्यावर एक सूक्ष्म जीव जनावराच्या पांढऱ्या रक्तपेशीत शिरतो. त्या पेशीला तो मारत नाही. तिला सारखं विभागायला लावतो आणि ती दोन होताना स्वतःही तिच्याबरोबर दोन होतो, दोन्ही लेकींत अर्धा-अर्धा. त्या पेशी अगदी कॅन्सरसारख्या वागू लागतात. त्यांची ग्लुकोज वापरायची तऱ्हासुद्धा वारबुर्गनं पाहिली तशी होते. २०१५ साली पॅरिसच्या एका गटानं दाखवलं, की हा जीव स्वतःचं एक प्रथिन पेशीत सोडतो आणि पेशीच्या वाढीची कळ दाबून धरतो. डॉक्टरांनी गौरीला दिलेल्या ब्युपार्व्हाक्वोननं तो जीव मरतो. तो मेला की पेशी भानावर येतात, वाढ थांबते. असा परत फिरणारा कॅन्सर दुसरीकडं क्वचितच पाहायला मिळतो, त्यामुळं आमच्या क्षेत्रातली माणसं गायीच्या या तापाबद्दल फार कुतूहलानं बोलतात. मी गोठ्यात वाढलेली, मला त्यात जरा जास्तच मजा येते.

आत्याच्या बाबतीत हाकलायला असा पाहुणा कुणी नाही. बदल तिच्या स्वतःच्या पेशीच्या जनुकात झालाय, ईजीएफआर नावाच्या. तिची रोजची गोळी तीच बिघडलेली कळ बंद ठेवते. गोळीनं आजार आवरला जातो, मुळासकट जात नाही, आणि किती काळ आवरेल ते माणसागणिक वेगळं. हे मी आत्याला सांगितलंय, तिनंच विचारलं होतं. तेव्हा तिच्यासमोर कुजबुजू नका. वैदूचा काढाही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. यकृतातली जी विकरं ही गोळी पचवतात, त्यांच्यावर काढ्यातल्या पाल्याचा काय परिणाम होईल ते सांगता येत नाही.

गौरीचं म्हणाल तर गोठ्याच्या दगडी भिंतीतल्या फटी लिंपून घ्या. त्या गोचिडी जनावरावर कमी आणि फटींत जास्त असतात, अंडीही तिथंच घालतात. देशी गायीला हा ताप तितका जड जात नाही, आपल्या संकरित गायी मात्र पटकन लोळतात. नुसती जनावराला फवारणी करून भागणार नाही. लम्पीच्या लसीचं यंदाचंही बघा. २०२२ मध्ये शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचताना तुम्ही डॉक्टरांशी भांडला होतात. ते दोन्ही विषाणू इतके जवळचे आहेत, की एकाची लस दुसऱ्यापासून राखण करते.

संशोधनातून हाताला काय लागतं, असं तुम्ही विचारता. आजोबा बुळकांडीच्या गोष्टी सांगायचे ना, गावच्या गाव ओस पडलेल्या गोठ्यांच्या? तो रोग जगातून संपल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बुळकांडीचं एकही जनावर पाहिलेलं नसेल. माणसाच्या देवीनंतर संपूर्ण उखडलेला हा दुसराच रोग, आणि तो गुरांचा.

आता सगळ्यात अवघड. आत्यानं मिश्रीसुद्धा कधी लावली नाही, मग फुप्फुसात कसा? ईजीएफआरमधला हा बदल कधीही तंबाखू न घेतलेल्या आशियाई बायकांमध्ये बराच आढळतो. २०२३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एक गोष्ट मांडली, ती मी अजून डोक्यात घोळवतेय. असा बदल झालेल्या तुरळक पेशी निरोगी फुप्फुसातही असतात आणि बहुधा आयुष्यभर गप्प राहतात. हवेतले बारीक कण आत गेले, की फुप्फुसात दाह होतो आणि त्या दाहातून सुटलेले संदेश या गप्प पेशींना जागं करतात. म्हणजे धूर दरवेळी जनुक बिघडवतोच असं नाही, आधीच बिघडलेल्याला तो उठवतो. बाहेरच्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१३ मध्येच कॅन्सरकारक ठरवलंय. लाकडाच्या चुलीचा घरातला धूर त्यांच्या यादीत ‘बहुधा कारक’ या गटात आहे. आत्याला कशामुळं झालं हे मात्र कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही, मीही नाही. तेव्हा ‘मीच तिला चुलीवर राबवलं’ हे आजीचं वाक्य आई तू पुन्हा म्हणू नकोस.

पण न्हाणीतला बंब पेटवताना त्यात दुधाच्या पिशव्या घालतेस, ते आजपासून बंद. शक्य झालं तर सोलरचं बघू, पैसे मी देते.

तुम्ही इथं येणार म्हणून पुण्याच्या हवेचं. गावी बिबट्याच्या भीतीनं बाबांनी पहाटेचं फिरणं सोडलं आणि इथं आले की पाचलाच बूट चढवतात. थंडीत पुण्याला नेमका तोच वेळ वाईट. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, वॉचमनच्या शेकोट्या सगळं खालीच कोंडतं. वेताळ टेकडीवरून सकाळी खाली पाहिलं, तर शहरावर करडा पट्टा दिसतो, नवखे लोक त्याला धुकं म्हणून फोटो काढतात. ऊन तापून हवा वर उठायला लागली की तो विरळतो. त्यामुळं फिरायला साडेनऊ-दहानंतर, तेही हमरस्त्यानं नाही. आत्याच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी सकाळी बंद ठेवू, दुपारी उघडू.

इथं पाषाणलाच उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे, दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल खेळांच्या वेळी सुरू झालेली ‘सफर’ ही यंत्रणा तिचीच. शिवाजीनगर, कात्रज, हडपसर, भोसरी अशा ठिकाणचे आकडे ती देते. फोनवर पीएम २.५, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचा आकडा, बघायचा. आपल्या देशाची दिवसाच्या सरासरीची मर्यादा घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. तेव्हा फोनवर दिसणाऱ्या हिरव्या रंगावर फार विसंबू नका, मी तर आकडाच बघते. हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढे असतात. इथल्या मुली गाडीवर तोंडाला गुंडाळतात तो स्कार्फ उन्हाला ठीक, या कणांना तो अडवत नाही. आत्यासाठी एन-९५ मास्क आणून ठेवलेत. तिचं नाक दुखेल म्हणून ती कुरकुर करेल, तेव्हा दवाखान्यात जाता-येतानाच लावू.

नारायणगावहून सकाळची दहानंतरची एसटी धरा. चाकणला अडकाल, ते गृहीत धरूनच निघा. वाकडेवाडीला उतरून रिक्षा शोधत बसू नका, मी घ्यायला येते. गौरीचं दूध काढायला आणि वासरांना रात्री आत बांधायला चुलतभावाला सांगा, बिबट्याचं ध्यानात ठेवून. येताना आत्याचे जुने एक्स-रे, गोळ्यांची चालू पट्टी आणि पेट स्कॅनची सीडी विसरू नका. आणि डबा देणार असशील आई, तर आत्याच्या वाट्याचे तिळाचे लाडू वेगळे बांध, नाहीतर ते बसमध्येच बाबा संपवतील.

तुमची,
सुमी